फुग्यांच्या वाटेवरून हानलेपर्यंत

विशाखापट्टणम, हैदराबाद, सोलापूर. नकाशावर ही तीन शहरं जोडणारी रेघ ओढली, तर ती जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, म्हणजे टीआयएफआरच्या, हैदराबादमधल्या बलून केंद्रातून वैज्ञानिक फुगे सोडण्याचा हंगाम आला की वृत्तपत्रांत एक निवेदन छापून येतं, आणि त्यात ही रेघ हमखास असते. उपकरणं हैदराबादपासून साधारण २०० ते ३५० किलोमीटरवर या रेषेच्या आसपास उतरतील, असं त्यात म्हटलेलं असतं. पुढे जिल्ह्यांची यादी येते. त्यात बिदर, गुलबर्गा, विजापूर, नांदेड, लातूर, उस्मानाबाद, बीड आणि सोलापूरही असतं.

निवेदनाचा उरलेला भाग शेतकऱ्यांसाठी असतो. मोठ्या रंगीत पॅराशूटला लटकलेली पेटी शेतात उतरलेली दिसली तर तिला हात लावू नये, कारण काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. जवळच्या पोलीस ठाण्यात, टपाल कार्यालयात किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावं. कळवणाऱ्याला योग्य बक्षीस आणि झालेला खर्च मिळेल. पेटी उघडली किंवा मोडतोड केली तर मात्र बक्षीस नाही. उड्डाणांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. आपल्याकडे हा रब्बीची ज्वारी उभी असण्याचा, मग काढणीचा आणि खळ्यांचा काळ. फुगे बहुधा रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान सुटतात. तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर काही तास तरंगून काम आटोपलं की हैदराबादहून रेडिओ संदेश जातो, पेटी फुग्यापासून सुटते आणि पॅराशूटच्या आधाराने खाली येते. त्या उंचीवरचे वारे प्रामुख्याने पूर्व-पश्चिम दिशेत वाहतात, त्यामुळे फुग्याची वाटही तशीच पडते. म्हणून सोलापूरचं नाव या यादीत आलं.

त्या पेट्यांमध्ये काय असे आणि ते गोळा करणारी माणसं कशासाठी धडपडत होती, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. भारतातल्या एका लहानशा वैज्ञानिक समुदायाने गेली साठ वर्षं आकाशातल्या सर्वांत ऊर्जावान प्रकाशाचा, गॅमा किरणांचा, पाठलाग चालवला आहे. हैदराबादचे फुगे, उटीचे आरसे, पचमढीचं माळरान, माउंट अबूचं शिखर आणि लडाखमधलं हानले हे त्या पाठलागाचे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर या लोकांना पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा विचार करावा लागला, तोही हातात फारसा पैसा नसताना.

आकाशाची दोन दारं

गॅमा किरण हाही प्रकाशच आहे, फक्त त्याची ऊर्जा अफाट आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात साधारण दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. गॅमा किरणांच्या कणात ती लाखांपासून अब्जांपर्यंत, आणि त्याच्याही कितीतरी पुढे जाते. असा प्रकाश साध्या उष्णतेतून निर्माण होत नाही. फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, वेगाने गरगरणारे न्यूट्रॉन तारे, दीर्घिकांच्या गाभ्यातली महाकाय कृष्णविवरं अशा ठिकाणी कण प्रचंड वेगाने फेकले जातात, तिथे तो जन्मतो. विश्वातल्या सर्वांत हिंसक घडामोडींची साक्ष गॅमा किरण देतात.

पण ही साक्ष जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरण गॅमा किरण आणि क्ष-किरण अडवतं, आणि पृथ्वीवरची जीवसृष्टी त्यामुळेच सुरक्षित आहे. ते पाहायचे तर दोनच दारं उघडी राहतात. कमी ऊर्जेच्या किरणांसाठी वर जायचं, आधी फुग्याने आणि नंतर उपग्रहाने. अति उच्च ऊर्जेच्या किरणांसाठी हा मार्ग पुरत नाही, कारण ते फारच विरळ असतात. वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघासारख्या ठळक स्रोताकडूनही एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे गॅमा कण एका चौरस मीटरवर वर्षाकाठी जेमतेम पाच-सात पडतात. तेवढ्यासाठी केवढा उपग्रह पाठवणार? मग दुसरं दार म्हणजे वातावरणालाच उपकरण करणं.

या दुसऱ्या दाराची किल्ली एका मुंबईकराने घडवली होती. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली एक गणित मांडलं. अति ऊर्जावान कण हवेत शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन जन्मतात, त्यांच्यातून पुन्हा गॅमा कण निघतात, त्यांच्यातून पुन्हा जोड्या, आणि पाहता पाहता एका कणाचा धबधबा होतो. या धबधब्यातले कण हवेतल्या प्रकाशापेक्षाही जास्त वेगाने धावतात तेव्हा एक मंद निळसर झगमगाट उठतो. पाण्यातल्या लाटांपेक्षा वेगाने निघालेली नाव आपल्यामागे तिरपी लाट उठवते, तसाच हा प्रकार. यालाच चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. तो अब्जांश सेकंदांच्या हिशेबात येतो आणि विझतो. जमिनीवर मात्र साधारण १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरतो. त्या वर्तुळात कुठेही आरसा मांडला तरी धबधबा पकडता येतो. म्हणजे लहानशा आरशाला हजारो चौरस मीटरचं क्षेत्रफळ फुकट मिळतं.

हा प्रकाश खरोखर पकडता येतो, हे १९५३ साली इंग्लंडमध्ये हार्वेल इथे गॅलब्रेथ आणि जेली यांनी दाखवून दिलं. त्यांचं उपकरण म्हणजे कचऱ्याच्या पिंपात बसवलेला एक लहान आरसा आणि क्षीण प्रकाशाचा विजेचा ठोका करणारी एक फोटोमल्टिप्लायर नळी. भारतासारख्या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला या विज्ञानात उतरण्याची हिंमत व्हावी, इतकं ते साधं होतं.

पहिलं दार : फुगे

भाभा १९३९ साली सुटीसाठी भारतात आले आणि युद्धामुळे इथेच राहिले. बंगळूरला त्यांनी वैश्विक किरणांचं काम सुरू केलं आणि १९४५ साली टीआयएफआर उभी राहिली. सुरुवातीला रबरी फुगे होते. १९५० च्या दशकात संस्थेने पॉलिथिनचे फुगे स्वतः बनवायला घेतले. हैदराबादची निवड विचारपूर्वक झाली होती. चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे पृथ्वीचं चुंबकत्व तिथे वैश्विक किरणांतले कमी ऊर्जेचे विद्युतभारित कण परतवून लावतं. गॅमा आणि क्ष-किरण मोजणाऱ्याला नकोसा असलेला गोंगाट त्यामुळे आपोआप कमी होतो. गरीब देशाला निसर्गाने दिलेली ही सवलत होती आणि ती ओळखणाऱ्यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला.

या कामात मराठी माणसं सुरुवातीपासून होती. फुगे बनवण्याच्या आणि उडवण्याच्या तंत्राशी जी. एस. गोखले आणि आर. टी. रेडकर यांची नावं जोडलेली आहेत. हैदराबादहून १९६८ साली क्ष-किरण खगोलशास्त्राचं पहिलं उड्डाण झालं आणि वृश्चिक राशीतल्या स्को एक्स-१ या तेजस्वी स्रोताचा वेध घेतला गेला. त्या गटात बी. व्ही. श्रीकांतन आणि पी. सी. अग्रवाल यांच्यासोबत गोखले होते, पी. के. कुंटेही होते. पुढे झेनॉन वायू भरलेले गणक फुग्यांवरून पाठवून याच मंडळींनी ज्या तंत्रावर हात बसवला, तेच तंत्र २०१५ साली अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर गेलं. फुगा वर जाणार, उपकरण चालणार, पेटी खाली येणार, ती शोधून आणायची, बिघडलं असेल ते दुरुस्त करून पुन्हा उडवायची. हैदराबाद ते सोलापूर या पट्ट्यात चाललेला हा क्रम म्हणजे दोन पिढ्यांची शाळा होती. उपग्रहाला दुसरी संधी नसते, फुग्याला असते, आणि शिकणाऱ्याला दुसऱ्या संधीची फार गरज असते.

दुसरं दार : उटीतले दोन आरसे

१९६७ साली केंब्रिजच्या जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला आणि १९६८ साली ती बातमी जगाला कळली. ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरी पाठवणारे हे तारे गॅमा किरणही पाठवत असतील का? हा प्रश्न टीआयएफआरच्या मंडळींनी लगेच हाती घेतला. उटीला त्यांची वैश्विक किरणांची प्रयोगशाळा आधीपासून होती. समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंची, स्वच्छ हवा, काळोख्या रात्री. १९६९ साली तिथे सर्चलाइटचे दोन आरसे मांडले गेले. युद्धात विमानं शोधायला आकाशात झोत सोडण्यासाठी घडवलेल्या आरशांना आता आकाशातून येणारा झोत गोळा करायचा होता. आरशाच्या नाभीवर फोटोमल्टिप्लायर, त्यातून निघणारा विजेचा ठोका आणि प्रत्येक ठोक्याची अचूक वेळ. ती वेळ पल्सारच्या ठेक्याशी जुळते का, एवढंच पाहायचं. भारतातल्या अति उच्च ऊर्जेच्या गॅमा किरण खगोलशास्त्राचा हा आरंभ. श्रीकांतन, पी. व्ही. रमणमूर्ती आणि सुरेश टोणवर ही त्यातली प्रमुख नावं. पुढे आरशांची संख्या वाढत वीसच्या घरात गेली.

काम चाले ते फक्त चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री. नीलगिरीवर धुकं उतरलं की रात्र वाया जायची. पावसाळ्यात तर महिनेच्या महिने हातचे जात. आणि खरी अडचण आकाशातच होती. वैश्विक किरणांतले प्रोटॉनही हवेत तसाच धबधबा उठवतात, आणि एका गॅमा किरणामागे असे शेकडो-हजारो धबधबे येतात. गव्हातून खडे वेचायचे तर निदान खडा वेगळा दिसतो, इथे दोन्ही झगमगाट सारखेच दिसत. त्यामुळे १९७० च्या दशकात जगभरातल्या गटांना अधूनमधून संकेत मिळत, दुसऱ्या गटाला ते मिळत नसत, पुढच्या वर्षी पहिल्यालाही मिळत नसत. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या व्हिपल वेधशाळेत १९६८ पासून दहा मीटरचा परावर्तक उभा होता, पण एकही स्रोत शंकेपलीकडे सिद्ध झालेला नव्हता. शाखाच खरी आहे की नाही, अशी शंका घेणारेही कमी नव्हते.

१९८२ : उटीची बैठक

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९८२ मध्ये उटीला अति उच्च ऊर्जेच्या गॅमा किरण खगोलशास्त्रावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. तिचं इतिवृत्त रमणमूर्ती आणि व्हिपल वेधशाळेचे ट्रेव्हर वीक्स यांनी मिळून संपादित केलं आणि ते मुंबईहून टीआयएफआरने प्रसिद्ध केलं. जगभरात या विषयात काम करणारी माणसं मूठभर होती, आणि आपल्या शाखेचा पुढचा मार्ग ठरवायला ती एका भारतीय डोंगरगावात जमली. याचं महत्त्व आज मागे वळून पाहिलं की नीट कळतं. उटीचा गट तेव्हा या समुदायात बरोबरीच्या नात्याने बसलेला होता.

त्या काळात या समुदायापुढचा प्रश्न स्पष्ट होता. गॅमा किरणाचा धबधबा आणि प्रोटॉनचा धबधबा वेगळे ओळखायचे कसे? दोन उपाय पुढे होते. एक, प्रकाशाच्या धबधब्याचं चित्रच काढायचं. एका फोटोमल्टिप्लायरऐवजी अनेक बसवून कॅमेरा करायचा. व्हिपलचा गट ३७ नळ्यांच्या कॅमेऱ्याची तयारी त्याच सुमारास करत होता. दुसरा उपाय म्हणजे लांबवर पसरलेल्या अनेक आरशांवर झगमगाट नेमका केव्हा पोचतो हे मोजायचं आणि त्यावरून प्रकाशाच्या आघाडीचा आकार काढायचा. गॅमाची आघाडी सुबक असते, प्रोटॉनची विस्कटलेली.

निकाल लागायला सात वर्षं गेली. मायकेल हिलास यांनी १९८५ साली चित्रांच्या आकारावरून गॅमा ओळखण्याचे निकष मांडले आणि १९८९ साली व्हिपलच्या गटाने क्रॅब तेजोमेघ निर्विवादपणे पकडला. शाखा खरी ठरली. त्याआधी १९८६ मध्ये रमणमूर्ती आणि आर्नल्ड वोल्फेंडेल यांचं गॅमा किरण खगोलशास्त्रावरचं पुस्तक केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने काढलं होतं. या विषयाच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांपैकी एक टीआयएफआरच्या संशोधकाच्या हातचं आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवं.

दोन गट, दोन वाटा

त्याच १९८६ साली उटीचे आरसे सातपुड्यातल्या पचमढीला हलले. तिथे उंची १०७५ मीटर, म्हणजे उटीपेक्षा निम्मीच, पण निरभ्र रात्री जास्त मिळत. इथे टीआयएफआरने दुसरा उपाय पूर्णत्वाला नेला. पचमढीच्या माळावर ८० बाय १०० मीटर जागेत २५ दुर्बिणी उभ्या राहिल्या, प्रत्येक दुर्बिणीत सात अन्वस्ती आरसे. आरसा ते गणक आणि गणक ते नोंद हा सगळा प्रवास अब्जांश सेकंदाच्या अचूकतेने जुळवायचा होता. प्रत्येक तारेची लांबी, प्रत्येक नळीचा उशीर मोजून वहीत टिपून ठेवावा लागे. वेळेच्या मोजणीत या गटाचा हात पक्का झाला तो इथे.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, म्हणजे बीएआरसीच्या, गटाने दुसरी वाट धरली. १९८० च्या दशकात त्यांचं काम काश्मीरमध्ये गुलमर्गला चालत होतं. नंतर त्यांनी राजस्थानात माउंट अबूला, गुरुशिखराजवळ १३०० मीटर उंचीवर, टॅक्टिक ही चित्र काढणारी दुर्बीण उभारली. १९९७ साली मार्करियन ५०१ या दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्यातलं कृष्णविवर भडकलं, तेव्हा टॅक्टिकने आपल्या ८१ नळ्यांच्या कॅमेऱ्यातून ते टिपलं. पुढे कॅमेरा ३४९ नळ्यांचा झाला.

एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालचे दोन गट वेगवेगळ्या तंत्रांवर वर्षानुवर्षं खर्च करत राहिले, हे वरवर पाहता उधळपट्टीसारखं दिसेल. माझ्या मते तसं नव्हतं. कोणतं तंत्र टिकेल हे १९८० च्या दशकात कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही वाटांवर माणसं तयार झाली म्हणून पुढे एकत्र येताना देण्याघेण्यासारखं दोन्हीकडे काही तरी होतं.

हानले

एकत्र येण्याची जागा लडाखमध्ये सापडली. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने हानले इथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर वेधशाळा उभारली आणि २००० साली तिथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने पहिला प्रकाश पाहिला. थंड वाळवंट, कोरडी हवा, गावंही मोजकी. डोंगराच्या पायथ्याशी, ४२७० मीटरवर, गॅमा किरणवाल्यांना आपली जागा दिसली.

उंचीचा फायदा इथे सरळ गणितात आहे. धबधबा बहुतांश दहा-बारा किलोमीटर उंचीवर भरात येतो. त्याच्या जितकं जवळ जावं, तितका प्रकाश दाट मिळतो आणि वाटेत हवा तो कमी शोषते. म्हणजे तेवढ्याच आरशाने कमी ऊर्जेचे गॅमा किरणही पकडता येतात. उपग्रहांची ताकद जिथे संपते आणि जमिनीवरच्या दुर्बिणींची जिथे सुरू होते, त्यांच्यामधली दरी बुजवणं हे त्या काळी जगभरातल्या गटांचं ध्येय होतं. आपल्याकडे ती दरी उंचीच्या बळावर बुजवायचं ठरलं.

टीआयएफआर आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी आधी हगार उभारलं. षटकोनाच्या सहा कोनांवर सहा आणि मध्यभागी एक अशा सात दुर्बिणी, एकमेकींपासून ५० मीटरवर, प्रत्येकीत सात आरसे. पचमढीतला सगळा अनुभव इथे कामी आला. २००८ साली मांडणी पूर्ण झाली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मार्करियन ४२१ या दीर्घिकेचा मोठा भडका तिने नोंदवला. या कामात टीआयएफआरच्या वर्षा चिटणीस यांचा मोठा वाटा आहे.

मग बीएआरसीची मेस ही दुर्बीण आली. २१ मीटर व्यासाचा परावर्तक, साधारण १८० टन वजन. हा परावर्तक जवळून पाहण्यासारखा आहे. तो एका काचेचा नाही. त्यावर ३५६ पॅनेल आहेत आणि प्रत्येक पॅनेलवर धातूचे चार तुकडे, म्हणजे एकूण १४२४ लहान आरसे. अ‍ॅल्युमिनियमचा प्रत्येक तुकडा हिऱ्याच्या टोकाने कातून त्याला नेमकी वक्रता आणि चकाकी दिलेली आहे, वर संरक्षक लेप आहे. वाऱ्याने आणि दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने सांगाडा किंचित वाकला तरी सगळ्या तुकड्यांचा प्रकाश एकाच जागी पडावा, म्हणून पॅनेलं मोटरने हलवता येतात. नाभीवरच्या कॅमेऱ्यात १०८८ फोटोमल्टिप्लायर आहेत. संपूर्ण दुर्बीण आधी हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत जुळवून पाहिली, मग सुटी करून डोंगरवाटांनी लडाखला नेली. ज्या ईसीआयएल परिसरातून फुगे सोलापूरच्या दिशेने सुटत आले, तिथेच या दुर्बिणीची पहिली जुळवणी व्हावी, यात या समुदायाचा सगळा प्रवास आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मेसने क्रॅबचे गॅमा किरण टिपले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी अणुऊर्जा विभागाचे सचिव अजितकुमार मोहंती यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. या प्रकारची ती आशियातली सर्वांत मोठी दुर्बीण आहे. उटीत पहिल्या आरशांपाशी उभे राहिलेले श्रीकांतन २०१९ साली वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. सुरुवात करणाऱ्याला शेवट पाहायला मिळेलच असं या शाखेत नसतं. तरीही माणसं ती सुरुवात करतात.

दोन उपग्रह कशासाठी

वर जाणाऱ्या दाराची कथाही अशीच चिवटपणाची आहे. आकाशात कुठेही अचानक क्षणभर झळकून विझणारे गॅमा किरण स्फोट प्रथम १९६७ साली अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी टिपले. अणुचाचण्यांवर नजर ठेवायला सोडलेल्या उपग्रहांना विश्वातले स्फोट दिसले, आणि ती बातमी १९७३ साली प्रसिद्ध झाली. इस्रोने या स्फोटांसाठी आपलं उपकरण रोहिणी मालिकेतल्या स्रॉस उपग्रहांवर बसवलं. १९८७ आणि १९८८ साली एएसएलव्ही अग्निबाण अपयशी ठरला आणि पहिले दोन उपग्रह गेले. १९९२ साली तिसरा कक्षेत पोचला, पण कक्षा ठरल्यापेक्षा खालची मिळाली आणि दोनेक महिन्यांत तो कोसळला. १९९४ साली स्रॉस-सी२ ने अखेर नीट काम केलं.

अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी निघाला. त्यावरच्या कॅडमियम झिंक टेल्युराइड उपकरणाने, ज्यात टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका यांचा मोठा वाटा, सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, एक गॅमा किरण स्फोट पकडला. त्यानंतर त्याने सहाशेहून अधिक स्फोट नोंदवले.

पण एक महत्त्वाचा स्फोट त्याला दिसू शकला नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदवल्या आणि सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांची झळक दिसली. सोनं-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत तयार होतात याचा पुरावा त्या घटनेतून मिळाला. अ‍ॅस्ट्रोसॅट त्या क्षणी पृथ्वीच्या आड होता.

हा धडा दक्ष या प्रस्तावात उतरला आहे. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव यांच्या नेतृत्वाखाली टीआयएफआर, आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळूरची रामन संशोधन संस्था यांनी मिळून तो मांडला. दोन सारखे उपग्रह पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना ठेवायचे, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा तो भाग पाहत असेल. मऊ क्ष-किरणांपासून गॅमा किरणांपर्यंतचा पट्टा तीन प्रकारच्या शोधकांनी झाकायचा. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. औंढ्याला गुरुत्वीय लहर उमटेल आणि आकाशातला भारतीय उपग्रह तिची झळक पाहील, ही जोडी आपल्या हातातली आहे. मात्र दोन्ही वेळेवर व्हायला हवेत.

आता काय ठरवायचं

हानलेत आज गॅमा किरणांची एकच मोठी दुर्बीण आहे. नामिबियात हेस, ला पाल्मावर मॅजिक आणि अ‍ॅरिझोनात व्हेरिटास, या सगळ्यांनी एकापेक्षा अधिक दुर्बिणी जोडल्या, कारण दोन बाजूंनी पाहिलं की धबधब्याची दिशा आणि खोली जास्त अचूक कळते. ला पाल्मा आणि चिलीमध्ये चेरेन्कोव्ह टेलिस्कोप अ‍ॅरे वेधशाळा साठहून अधिक दुर्बिणींच्या तयारीत आहे. तिच्याशी आकाराने स्पर्धा करण्याची आपल्याला गरज नाही. पण ला पाल्मावर अजून दुपार असते तेव्हा हानलेत रात्र पडलेली असते. काही तासांत भडकून विझणाऱ्या कृष्णविवरावर अखंड नजर ठेवायची तर पूर्वेकडच्या रेखांशावर ताकदवान दुर्बीण हवीच. ही जागा भूगोलाने आपल्याला दिली आहे, जशी एकेकाळी हैदराबादला चुंबकीय विषुववृत्ताची सवलत मिळाली होती. हानलेचा काळोख जपण्यासाठी तिथे २०२२ साली काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि गावकऱ्यांमधून खगोलदूत तयार झाले. म्हणजे या शाखेच्या नियोजनात आता गावाचाही वाटा आहे.

या साठ वर्षांकडे पाहिल्यावर मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. या समुदायाला यश मिळालं ते हात तयार ठेवल्यामुळे. फुग्यांवर शिकलेला माणूस उपग्रहावर गेला, उटीचा आरसा पचमढीला गेला, पचमढीची घड्याळं हानलेला गेली. मध्ये एकदा जरी साखळी तुटली असती, एकदा जरी दहा वर्षं भरती थांबली असती, तर मेससारखी दुर्बीण बाहेरून विकत आणावी लागली असती आणि ती चालवायलाही बाहेरची माणसं लागली असती.

म्हणून दक्षला मंजुरी देणं आणि हानलेत दुसऱ्या दुर्बिणीची तयारी करणं या गोष्टी पुढच्या दशकावर ढकलता येणार नाहीत. या कामाला लागणारी माणसं आजच महाविद्यालयांत आहेत. सोलापूरला, लातूरला, बार्शीला, पंढरपूरला भौतिकशास्त्राची पदवी घेणारी मुलं-मुली आहेत. बीएआरसीच्या प्रशिक्षण शाळेची दारं त्यांना खुली आहेत, टीआयएफआर आणि आयुकाच्या प्रवेश परीक्षा त्यांना देता येतात. शिक्षकांनी वर्गात स्को एक्स-१ च्या उड्डाणाची आणि उटीच्या बैठकीची गोष्ट सांगितली, तर त्यातल्या दोघा-तिघांना तरी ही वाट आपलीही आहे हे कळेल. श्रीकांतन आणि रमणमूर्ती यांनी आरसे मांडले तेव्हा त्यांच्याजवळ खात्रीचा एकही स्रोत नव्हता. आज असे स्रोत शेकड्यांनी माहीत आहेत. इतक्या तयारीनंतर थांबणं या शाखेला परवडणारं नाही, आणि देशालाही.